फुलीच्या आतला ठिपका

ये, जरा पुढे सरकून बस. मागे चपलांपाशी बसणाऱ्याच्या वाट्याला कीर्तनातले नुसते टाळ येतात, शब्द वाऱ्यावर जातात, असं आमचे भाऊ म्हणायचे. भाऊ म्हणजे माझे वडील. तुला एक गोष्ट सांगते. तिच्यात देव आहे की नाही ते ऐकून झाल्यावर तू ठरव. मला अजून ठरवता आलेलं नाही. एका माणसाला चार शहाण्यांनी खोटारडा ठरवलं, आणि तो तसाच गेला. तो खरंच खोटं बोलला होता का, एवढाच ह्या गोष्टीतला प्रश्न. लहान आहे. पण तो प्रश्न उराशी घेऊन एक बाई घाटकोपरला बसली होती, आणि उत्तर माझ्या कपाळावरून घरंगळून माझ्याच चष्म्यावर पडलं.

रविवारी मुलुंडला आमच्या देवळात कीर्तन होतं. पूर्वरंग संपला, बुवांनी घोटभर पाणी घेतलं, त्यांना हार घातला, आणि रिवाजाप्रमाणे सुनंदाताई बुक्क्याची वाटी घेऊन बायकांच्या रांगेतून फिरू लागली. तिचा हात जड. ती बुक्का लावत नाही, थापते. माझ्या कपाळावरचा थोडा सांडला तो चष्म्याच्या काचेवर. मी चष्मा काढला आणि पदरानं पुसायच्या आधी, इतक्या वर्षांची सवय, उजेडाकडे धरला. काचेवर माझ्याच अंगठ्याचा तेलकट ठसा होता. त्या ठशाच्या बरोबर मधोमध एक काळा कण, आणि त्याच्याभोवती रेषा, गोल गोल, बाहेर बाहेर जाणाऱ्या. बस, एवढंच. कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं. पण पेटी वाजत होती, ती कुणीतरी पाण्याखाली वाजवतंय अशी यायला लागली. कपाळावर बुक्का होता तेवढी जागा थंडगार झाली आणि ती थंडी नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरली. सुनंदाताई वाकून म्हणाली, काय गं, चक्कर येते का, उपास केलायस की काय. मी मान हलवली. चष्मा परत लावला नाही. तसाच मुठीत धरून बसले, काच वरच्या बाजूला, जणू एखादा जिवंत किडा पकडून ठेवला आहे आणि मूठ उघडली तर उडून जाईल.

आता तुला आमचं काम सांगायला हवं, नाहीतर ह्या कणाचं एवढं काय ते कळायचं नाही. अंधेरीला एमआयडीसीत आमची प्रयोगशाळा आहे. आम्ही प्लास्टिक तपासतो, नवीन बनवूनही बघतो. प्लास्टिक म्हणजे शेवटी लांबच लांब धागे, पातेल्यात शिजलेल्या शेवयांसारखे, एकमेकांत गुंतलेले. वितळलेलं असताना गुंता तसाच असतो. थंड होताना मात्र काही धागे शहाण्यासारखे घड्या घालून रांगेत बसायला लागतात. एका जागी सुरुवात होते आणि तिथून चारी दिशांना रांगा वाढत जातात, रांगोळीतल्या कमळासारख्या. तोच स्फटिक. मक्यापासून एक प्लास्टिक करतात. मातीत टाकलं तर योग्य जागी कुजून जातं, पण स्वभावानं आळशी. घड्या घालायला त्याला इतका वेळ लागतो की तोवर वस्तू थंड होऊन बसते. म्हणून त्याचा चमचा गरम चहात घातला की मान टाकतो. त्यात दुसरं एक मऊ, लवचिक प्लास्टिक मिसळायचं आणि पाहायचं, की शेजार मिळाल्यावर हा आळशी जागा होतो का. कधी दुसरं आड येतं आणि स्फटिकाची वाढच मंदावते. कधी वाढणारा स्फटिक त्याला पुढे ढकलत नेतो, कडेला लोटतो. कधी मात्र ते घड्यांच्या मधल्या फटींत राहून जातं. स्वतः स्फटिक होत नाही, पण स्फटिकाला ठिसूळ होऊ देत नाही. ह्या तिसऱ्या गोष्टीवर निलेशचा जीव होता.

निलेश माझ्याबरोबरच लागला, मायक्रोस्कोपच्या खोलीचा मालक म्हणा ना. घाटकोपरच्या बौद्ध वस्तीत वाढलेला, घरातला पहिला एमएस्सी, तोंडानं फटकळ, हातानं असा हळुवार की काचपट्टी ठेवताना आवाज यायचा नाही. मी सकाळी देवळातून परस्पर कामावर यायची, कपाळावर बुक्का तसाच. खोलीच्या दारात हा हात आडवा धरून उभा. आधी बेसिन, मग आत. कीर्तनवाली, तुझा देव माझ्या सॅम्पलमध्ये पडला ना, तर वाट लागेल, म्हणायचा. मी रोज कपाळ धुवायची. रोज बडबडायची आणि रोज धुवायची. हे नीट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. त्या दोन प्लास्टिकांचं मिश्रण आम्ही कितीतरी प्रमाणांत करून पाहिलं. पातळ पापुद्रा काचेवर वितळवायचा, ठरलेल्या उष्णतेला आणून धरायचा, आणि डोळा लावून बसायचं. मायक्रोस्कोपमध्ये प्रकाश गाळणाऱ्या दोन काचा असतात, एक खाली, एक वर. त्या एकमेकींना आडव्या लावल्या की सगळं काळंभोर होतं, आणि त्या काळोखात फक्त स्फटिक चमकतो. त्याच्यावर एक काळी फुली असते, ती त्याची खूण. एके दिवशी मी बाहेर चहा घेत होते. निलेशनं दारातून मला नुसतं जानकी म्हणून हाक मारली, आणि त्या हाकेत काहीतरी होतं म्हणून कप तसाच ठेवून गेले. डोळा लावला. काळोखात एकामागून एक दिवे लागत होते. जिथे एरवी बसून कंबर मोडायची, तिथे बघता बघता आकाश भरलं. देवळात दीपमाळ पेटवतात तेव्हा खालच्या माणसाला कसं होतं, तसं झालं मला. निलेश माझ्या खांद्यामागून कुजबुजला, झकास ना. त्याचा आवाज ओला होता.

नंतर जे झालं ते फार साधं आहे, म्हणून फार वाईट आहे. तेव्हा सहा महिने ते स्फटिक हमखास यायचे. नेहमी निलेशच्या हातून. माझ्या हातून कधी आले, कधी नाही. आम्ही म्हटलं हाताचा फरक. मग भाऊ गेले. तेराव्यानंतर मी कामावर परत आले तर निलेश खोलीत नुसता बसलेला. म्हणाला, येत नाहीयेत. तेच मिश्रण, तीच उष्णता, तोच हात. काळोख तो काळोखच. आठवडे गेले. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला नमुने पाठवले, तिथूनही नकार आला. आमचे मुख्य अनिरुद्ध, वयानं आमच्याहून लहान, माणूस दुष्ट नाही, पण त्याला वर जाब द्यायचा होता. मीटिंगमध्ये त्यानं निलेशची चित्रं भिंतीवर दाखवली आणि शांतपणे म्हणाला, "निलेश, चित्रं सुंदर आहेत. पण सुंदर चित्रं आजकाल कोणीही बनवू शकतो ना." कोणी काही बोललं नाही. मीही नाही. निलेशनं अनिरुद्धकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मग त्याला वरच्या मजल्यावरून खाली हलवलं, सिमेंटच्या गोण्या किती ओझ्याला फाटतात ते तपासायला. आणि ऑफिसात एक म्हण तयार झाली. कुणी म्हणालं, पगारवाढ होणार म्हणे, की दुसरा म्हणायचा, हो, निलेशचे स्फटिक. लिफ्ट दुरुस्त होणार? निलेशचे स्फटिक. लिफ्टमध्ये निलेश असतानासुद्धा एकदा म्हटलं कुणीतरी. तो हसला सगळ्यांबरोबर. मला त्याचं ते हसणं अजून दिसतं, अंगावर दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं.

गेल्या पावसाळ्यात तो बसस्टॉपवर उभा असताना गेला. छातीत कळ आली आणि खाली बसला, तो उठला नाही. घाटकोपरला मी गेले तेव्हा खोलीभर बायका होत्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली मेणबत्ती. त्याची मुलगी श्रुतिका, कॉलेजात केमिस्ट्री घेतलेली, कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. जयानं, त्याच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्याला टेकून, डोळे कोरडे ठेवून तिनं विचारलं, "तुम्ही त्यांच्या शेजारी होतात. एकदाच सांगा. खोटं बोलले होते का ते?" बाई गं. मी म्हटलं, निलेश फार चांगला माणूस होता. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, मी ते नाही विचारलं. मग मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. तिनं मान हलवली आणि माझ्यासाठी चहा टाकला. तो चहा मी तसाच ओट्यावर ठेवून आले. कारण पाहिलं मी होतं, ह्या डोळ्यांनी, दीपमाळ पेटताना. तरी महिन्यामहिन्यांच्या काळोखानं माझ्या डोळ्यांवरचा माझाच भरवसा उडवला होता. आणि मी स्वतःला श्रद्धाळू म्हणवते.

तर त्या रविवारी, चष्मा मुठीत धरून मी बसले होते, उत्तररंगात बुवा काय सांगत होते ते मला ठाऊक नाही. पहिला विचार आला तो वीज पडल्यासारखा: बुक्का. स्फटिकाला सुरुवात करायला एखादा परका कण पुरतो, धुळीचा, काजळीचा, कशाचाही. हे तर पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. म्हणजे माझा बुक्का. माझ्या कपाळावरचा. मी देवाचा म्हणून मिरवत आणायची तो सॅम्पलमध्ये सांडला आणि त्या बिचाऱ्याला वाटलं मिश्रणच जागं झालं. मग बेसिन आठवलं. रोज. एकही दिवस चुकला नव्हता. तो चुकू देणाराच नव्हता. शिवाय माझ्या हातून तर स्फटिक धड यायचेही नाहीत, त्याच्याच हातून यायचे. आणि निलेशच्या कपाळाला जन्मात बुक्का लागला नव्हता. मग कुणाचा? आरतीचं ताट माझ्यासमोर आलं आणि माझा हात ज्योतीवर जायचं विसरला. ताट पुढे गेलं. बाजूची मुलगी माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा आरती न घेता देवळाबाहेर पडले.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. निलेश खाली गेला तेव्हा त्याच्या जुन्या काचपट्ट्यांचा डबा टाकून द्यायला काढला होता, तो मी माझ्या खणात ठेवला होता. का, ते विचारू नकोस, मेलेल्याचा चष्मा आपण ठेवतो तसा. पट्टीवर दुसरंच काही वितळवून ठेवलं असेल म्हणायचे सगळे, आणि मलाही तो डबा उघडायचा धीर झाला नव्हता. एक पट्टी लावली. काळोख, त्यात चमकणारे गोल, प्रत्येकावर काळी फुली. फुलीचे चारही हात जिथे भेटतात ते टोक नेहमी काळंच असतं. आता काळ्यावर काळं कुणाला दिसणार? तो ठिपका बघायचा तर वरची काच काढायला हवी, आणि ती काढली की स्फटिकाची झळाळी जाते, कुणी काढत नाही. जे बघायला बसलोय तेच घालवून कोण बघेल? माझा हात काचेच्या दांडीवर होता आणि तो मला ओढवेना. सांगते, भीती वाटली. मग ओढली. सगळीकडे फिकट उजेड झाला. गोल विरले, नुसत्या पुसट कडा राहिल्या. आणि प्रत्येकाच्या मध्यात, जिथे फुली होती तिथे, एक काळा कण. ह्यात, त्यात, शेजारच्यात. मी दुसरी पट्टी लावली, तिसरी लावली. निलेशनं चित्रं बनवली नव्हती. स्फटिक आले होते. कशामुळे ते त्याला कळलं नाही, चुकला तो. पण आले होते, आणि त्यानं पाहिलं तेच सांगितलं. मी टेबलाला धरून मोठ्यानं म्हटलं, आले होते रे. खोलीत कुणी नव्हतं.

पण कण कुठून आले? मी त्याचे हात आठवायला लागले. माणूस गेल्यावर चेहरा पुसट होतो, हात राहतात. पापुद्रा उचलायचा बारीक चिमटा तो डब्यात ठेवायचा नाही, डब्यातला चिमटा दहा जण वापरतात म्हणून. शर्टाच्या खिशात ठेवायचा, टोक खाली. मी रागवायची, हा हसायचा. मी कधी तोच मागून घ्यायची, एरवी डब्यातला. खिसा. खिशात आणखी काय असायचं? आणि तिथे, मायक्रोस्कोपच्या त्या फिकट उजेडासमोर, मला आमची मुलुंडची खोली दिसली, भाऊ खाटेवर बसलेले, आणि निलेश जायला उठलेला. भाऊ गिरणीतून सुटल्यावर कीर्तनं करायला लागले, पण बांगडा सोडला नाही. बुधवारी बांगडा असला की निलेशला निरोप. दोघे जेवायचे, भांडायचे, देव आहे-नाही करायचे. निलेश त्यांच्या कीर्तनालाही यायचा, पण मागे, चपलांपाशी बसायचा. भाऊंनी पहिल्यांदा त्याला बुक्का लावायला बोट उचललं तेव्हा तो अर्धं पाऊल मागे सरला होता. उद्धटपणे नाही. हात जोडून म्हणाला, भाऊ, आमच्यात हे नाही, राग मानू नका. भाऊंचं बोट हवेतच राहिलं. मला वाटलं आता हे दुखावणार. पण ते खो खो हसले आणि कॅलेंडरच्या कागदाचा तुकडा फाडून त्यात चिमूटभर बुक्का बांधला. "कपाळाक नको तर नको रे. ऐकूक कान लागतत, कपाळ नाय. ही पुडी खिशात घाल. माझो हात रिकामो परत धाडू नको." निलेशनं ती दोन्ही हातांनी घेतली. शर्टाच्या खिशात ठेवली. नंतर दर वेळी नवी पुडी, दर वेळी तोच खिसा, तोच चिमटा, टोक खाली. आणि सकाळी तोच निलेश दारात हात आडवा धरून मला म्हणायचा, आधी बेसिन.

मी मेट्रोनं घाटकोपरला कशी गेले आठवत नाही. जया शाळेत शिकवते, पण त्या दिवशी घरी होती. मी दारातच विचारलं, निलेशच्या शर्टाच्या खिशात पुडी असायची का, कागदाची. ती जराही चकित झाली नाही. आत गेली आणि एक छोटी स्टीलची डबी घेऊन आली. डबीत त्याचं ओळखपत्र, श्रुतिकाचा पहिला दात, आणि कॅलेंडरच्या कागदाची पुडी, घड्यांच्या कडा काळ्या पडलेल्या. म्हणाली, "तुमच्या वडिलांची. आम्ही लावत नाही, पण मायेनं दिलेलं टाकतही नाही." मग बसली आणि सांगायला लागली, सहज, जणू मी भाजीचा भाव विचारला होता. तुमचे वडील गेल्याचा फोन आला ना, म्हणाली, तेव्हा ह्यांनी खिशातून ही काढली. कागद विरला होता, पूड खिशाच्या शिवणीत गेली होती. ह्यांनी शिवण उलटी करून कण कण परत पुडीत घेतला. मला शर्ट दिला, म्हणाले, चांगला उकळून धू. आणि पुडी डबीत ठेवताना म्हणाले, आता दुसरी मिळणार नाही, सांडायला नको.

ती बोलत होती आणि माझ्या आतमध्ये काहीतरी एकेका पायरीनं खाली उतरत होतं. भाऊ गेले त्या दिवशी. त्याच दिवशी त्यानं खिसा रिकामा केला, आणि त्या दिवसापासून काळोख झाला. त्यानं दुःख केलं, आणि दुःख करताना स्वतःच्याच हातानं आपल्या खरेपणाचा पुरावा उचलून डबीत जपून ठेवला. पुढची सगळी वर्षं ही डबी ह्या कपाटात होती. तो रोज अंधेरीला जाऊन आधी काळोखात डोळा लावून बसायचा, नंतर खाली गोण्या तपासायचा, संध्याकाळी परत यायचा, आणि उत्तर त्याच्या उशापासून चार हातांवर होतं. मला एकदम भाऊंचा राग आला. खरंच सांगते. मेलेल्या बापाचा, त्याच्या त्या रिकामा परत न येणाऱ्या हाताचा. कशाला द्यायचं होतं? नको म्हणाला होता ना तो? तुमची माया त्याच्या खिशातून सांडली आणि त्याचं नाव मातीत गेलं. आणि देवा, तू, तू हे बघत बसलास? लहानपणापासून बुक्का म्हणजे कृपा असं मी समजत आले. कृपा अशी असते? न सांगता शिवणीतून गळणारी, माणसाला आधी दीपमाळ दाखवणारी आणि मग विझवून त्यालाच विचारणारी, की तू पेटवलीस कशी? जयानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं की मी रडतेय. तिनं परत तोच प्रश्न विचारला नाही. तेच मला जास्त लागलं. मीच म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चला. ही पुडी घेऊन. तिनं दारात येऊन उभ्या राहिलेल्या श्रुतिकाकडे बघितलं. श्रुतिका म्हणाली, मी पण.

दुसऱ्या दिवशी मी अनिरुद्धला बोलावलं. जया निलेशच्या स्टुलावर बसली; तिला ठाऊक नव्हतं ते त्याचं आहे, मी सांगितलं नाही. आधी धुतलेला चिमटा घेतला, नवा पापुद्रा, तेच मिश्रण. काळोख. अनिरुद्ध घड्याळ बघत उभा होता. बराच वेळ काळोख. मग जयानं पुडी उघडली. खोलीत बुक्क्याचा वास आला, वाळ्याचा, कापूरकाचरीचा, आणि भाऊंच्या उपरण्याचा. मला वाटलं मागे वळले तर ते दिसतील. मी चिमट्याचं टोक त्या पुडीच्या कागदाला नुसतं टेकवलं, पुडीत घातलंही नाही. पापुद्रा उचलला, वितळवला, उष्णता आणून धरली आणि बाजूला झाले. म्हटलं, श्रुतिका, तू बघ. ती वाकली. एसीचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं श्वास आत घेतला आणि तो सोडलाच नाही. हात मागे करून आईचा हात शोधला, ओढला. जया वाकली. तिला ह्यातलं काही कळत नाही; पण काळोखात दिवे लागताना बघायला शिक्षण लागत नाही. तिच्या पाठीचा कणा मला दिसत होता, तो हळूहळू सैल झाला. अनिरुद्धनं सगळ्यात शेवटी डोळा लावला. मी वरची काच काढून त्याला ठिपके दाखवले, परत घातली, परत काढली. फुली, ठिपका. फुली, ठिपका. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्याशी बोलला नाही. जयासमोर उभा राहिला, हात कुठे ठेवावे त्याला कळेना. म्हणाला, "चुकले होते ते. मिश्रणामुळे नाही, ह्या पुडीमुळे येत होते. पण..." आणि थांबला. जया म्हणाली, "पण काय ते बोला. मी तेवढंच ऐकायला आलेय." अनिरुद्ध म्हणाला, "खोटं बोलले नव्हते. खोटं आम्ही बोललो, त्यांच्याविषयी. हे मी सगळ्यांसमोर सांगेन." जयानं मान हलवली, जशी त्या दिवशी ओट्यापाशी हलवली होती. मग पुडी पहिल्या घड्यांवरच परत मिटली आणि पर्समध्ये नाही, ब्लाउजच्या आत ठेवली.

त्यानं सांगितलं, दुपारच्या मीटिंगमध्येच. ती म्हण लिफ्टमध्ये आता कुणी म्हणत नाही. पण माझा धक्का ओसरलेला नाही. चहा गाळताना, देवळाची पायरी चढताना, मध्येच मला त्याचे हात दिसतात, शिवण उलटी करून कण कण वेचणारे, आणि मी जिथल्या तिथे उभी राहते. परवा सुनंदाताई वाटी घेऊन आली तेव्हा मी मागे सरले नाही. लावून घेतला. थंड वाटला नेहमीसारखा. भाऊंवरचा राग गेला का? थोडा आहे. देवावरचा? तो आणि मी बघून घेऊ. पण एक कळलं, बाई गं, की माया मिसळली म्हणून एकाचं दुसरं होत नाही. निलेश भाऊंच्यात विरला नाही, भाऊ निलेशमध्ये नाहीत. एकाच्या घड्यांत दुसरा राहून गेला, इतकंच. आणि त्या इतक्यानंच मला दीपमाळ दिसली.

गोष्ट संपली. तुझ्याकडे मागणं एवढंच. कधी कीर्तनाला जाशील, मध्यंतरात कुणाचं तरी बुक्क्याचं बोट तुझ्या कपाळाकडे येईल. लावून घे, नाहीतर हात जोडून नको म्हण, ते तुझं तू बघ. पण ते बोट हवेत असेल तेवढ्यात एकदा मागे वळून चपलांपाशी बघ, आणि निलेशची आठवण काढ. त्यानं कपाळाला कधी लावला नाही, आणि शिवणीतला एक कणही वाया जाऊ दिला नाही.